यंत्राची आकडेवही

उसाची ट्रॉली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती ट्रॅक्टरला जोडतात, तिथे जाड लोखंडी कान असतात. कानाला भोक असते. भोकात पिन बसते. टनावारी ऊस ओढला जातो तो या एका पिनेवर. पिन घट्ट बसली तर ट्रॉली सरळ चालते. भोक सैल असले तर पिन हलते, आदळते. प्रत्येक खड्ड्यात भोक आणखी सैल होते. उतारावर अशी पिन निसटली तर काय होईल, ते सांगायला नको.

हे कान पूर्वी गॅसने कापत. प्लेटीवर खडूने रेघ मारायची, बत्ती पेटवायची आणि हात स्थिर ठेवून कापत जायचे. कारागिराचा हात चांगला, तर काम चांगले. आता तालुक्याच्या गावीसुद्धा प्लाझ्मा नावाचे यंत्र आले आहे. ते कॉम्प्युटरच्या हुकमाने चालते. माणूस बटण दाबतो आणि बाजूला उभा राहतो. यंत्र एकामागून एक कान कापत सुटते.

लोक म्हणतात, "यंत्राला सगळं कळतं." खरे सांगायचे तर यंत्राला काहीच कळत नाही. त्याच्या पोटात आकड्यांची एक वही असते. वहीत लिहिले असेल तेवढेच ते करते. ती वही कशी असते, ती बिघडली तर काय होते, आणि ती कशी सांभाळावी, ते आज आपण वाचू.

विजेची सुरी

आधी प्लाझ्मा म्हणजे काय, ते पाहू.

बर्फ तापवला की पाणी होते. पाणी तापवले की वाफ होते. वाफेसारखा एखादा वायू फार म्हणजे फारच तापवला, तर त्याची आणखी एक अवस्था होते. तिला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज कडाडते तेव्हा तिच्या वाटेतल्या हवेचा क्षणभर प्लाझ्माच होतो. प्लाझ्मातून वीज वाहू शकते.

यंत्रातही तेच घडवतात, पण बेताने. कॉम्प्रेसरमधून दाबाची हवा येते. ती टॉर्चमध्ये शिरते. टॉर्च म्हणजे यंत्राचे तोंड. त्यात तांब्याची एक कांडी असते. तिच्या टोकाशी हाफ्नियम नावाच्या धातूचा टिकलीएवढा तुकडा बसवलेला असतो. कांडीच्या पुढे तांब्याची टोपी असते. तिला बारीक छिद्र असते. या टोपीला नोझल म्हणतात. कांडीपासून प्लेटीपर्यंत विजेची ठिणगी धरली जाते. हवा त्या बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडते आणि तापून प्लाझ्मा होते. हिची उष्णता वीस हजार अंशांच्या घरात जाते. लोखंड वितळायला साधारण दीड हजार अंश पुरतात. तेव्हा प्लेट लोण्यासारखी कापली जाते आणि वितळलेले लोखंड हवेच्या झोताने खाली उडून जाते. तो उजेड नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. काळी काच हवीच.

अशा टॉर्चचे पेटंट अमेरिकेतल्या रॉबर्ट गेज या माणसाला १९५७ साली मिळाले. आकड्यांवर चालणारे यंत्र त्याच्याही आधीचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स येथील एका तंत्रसंस्थेने ते १९५२ साली लोकांना दाखवले. त्या वेळी आकडे कागदाच्या पट्टीवर भोके पाडून लिहीत. आता ते कॉम्प्युटरमध्ये लिहितात. फरक तेवढाच. आकडे तेव्हाही लागत होते, आताही लागतात.

वहीतली एक ओळ

यंत्राला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, कोणत्या वाटेने जायचे. ती वाट नकाशावरून काढतात. दुसरी, त्या वाटेने कसे जायचे. किती उंचावरून, किती वेगाने, किती विजेने. हे दुसरे सगळे वहीत असते. इंग्रजीत तिला डेटाबेस म्हणतात. आपण आकडेवही म्हणू.

प्रत्येक जातीच्या आणि प्रत्येक जाडीच्या प्लेटीला वहीत वेगळी नोंद असते. नमुन्यादाखल एक नोंद पाहा. हे आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्येक यंत्राबरोबर पुस्तक येते. खरे आकडे त्यातूनच घ्यायचे.

नंबर : ६
नाव : साधे लोखंड, ६ मिलिमीटर, ६५ अँपिअर
वीज : ६५ अँपिअर
छेद घेताना उंची : ३.८ मिलिमीटर
छेद घेताना थांबणे : ०.५ सेकंद
कापताना उंची : १.५ मिलिमीटर
वेग : मिनिटाला २५०० मिलिमीटर
कापाची रुंदी : १.६ मिलिमीटर
व्होल्ट : १२५

आता एकेक आकडा घेऊ.

छेद घेणे म्हणजे कापायला सुरुवात करण्याआधी प्लेट आरपार भेदणे. त्या वेळी वितळलेल्या लोखंडाला खाली जायला वाट नसते. ते कारंज्यासारखे वर उडते. टॉर्च फार खाली असली, तर तो रस नोझलवर बसतो आणि छिद्र बुजते. म्हणून आधी टॉर्च उंच धरायची, छेद पडला की खाली आणायची. तव्यावर भाकरी टाकताना आपण हात जपतो ना, तसेच हे.

थांबण्याचा आकडा फार नाजूक आहे. अर्धा सेकंद म्हणजे डोळ्याची एक-दोन उघडझाप. तेवढ्यात प्लेट भेदली जाते. त्याआधीच टॉर्च पुढे सरकली, तर खालपर्यंत कापलेच जात नाही. फार वेळ थांबली, तर छेद मोठा होत जातो. ठिणगीला धरायला जवळ लोखंडच उरत नाही आणि ती विझते. नवे लोक म्हणतात, "थोडं जास्त थांबलं तर काय बिघडतं?" बिघडते ते असे.

वेगाची गंमत वेगळी. जलद गेले तरी प्लेटीच्या खाली लोखंड चिकटते आणि हळू गेले तरी चिकटते. पण दोन्हींचे रूप निराळे असते. हळू गेले तर मोठे मोठे मणी लोंबतात. हातोडीचा एक टोला दिला की ते पडतात. जलद गेले तर बारीक, कडक रेघ चिकटते. ती ग्राइंडर लावल्याशिवाय निघत नाही. मधला बरोबर वेग असेल, तर प्लेटीखाली जवळजवळ काहीच राहत नाही. ही खूण लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता कापाची रुंदी. करवतीने लाकूड कापले की पात्याच्या जाडीइतका भुसा होतो. तेवढे लाकूड कमी होते. इथेही तसेच. प्लाझ्माचा काप १.६ मिलिमीटर रुंद असेल आणि टॉर्च नेमकी रेघेवरून गेली, तर दोन्ही बाजूंना ०.८ मिलिमीटर लोखंड जाते. शंभर मिलिमीटरचा चौकोन ९८.४ मिलिमीटरचा भरतो. वीस मिलिमीटरचे भोक २१.६ मिलिमीटरचे होते. म्हणून वाट आखतानाच ही रुंदी धरून टॉर्च थोडी बाजूने नेतात. कान कापायचा तर बाहेरून, भोक कापायचे तर आतून.

व्होल्टचे मी थोडे पुढे सांगतो. ते जरा अवघड आहे.

एका प्लेटीची गोष्ट

तालुक्याच्या गावाबाहेर ट्रॉल्या बांधणारा एक छोटा कारखाना आहे. मालक स्वतः वेल्डिंग करीत वर आलेला. कर्ज काढून त्याने प्लाझ्माचे यंत्र घेतले. यंत्रावर दोघे जण. सकाळपाळीला एक अनुभवी मिस्त्री आणि रात्रपाळीला एक तरुण पोरगा. गॅसने कापणारे एक वयस्क कारागीर तिथे जुने. सगळे त्यांना आण्णा म्हणत. यंत्र आल्यावर आण्णांचे काम कमी झाले होते. ते कोपऱ्यात ग्राइंडर चालवीत बसत. मी त्या दिवसांत तिथे जात-येत असे.

एक दिवस सकाळी आठ मिलिमीटरची प्लेट आली. वहीत आठ मिलिमीटरची नोंदच नव्हती. मिस्त्रीने सहाची नोंद उघडली. वेग २५०० होता, तो १६०० केला. थांबण्याचा वेळ थोडा वाढवला. दोन तुकडे कापून पाहिले. काम छान झाले. मिस्त्रीने 'सेव्ह'चे बटण दाबले. सेव्ह म्हणजे वहीत कायमचे लिहून ठेवणे. संध्याकाळी तो घरी गेला.

रात्री पोरगा आला. त्याला सहा मिलिमीटरच्या प्लेटीतून कान कापायचे होते. त्याने वहीत पाहिले. 'साधे लोखंड, ६ मिलिमीटर' असे नाव. प्लेट मोजली, सहा मिलिमीटर. सगळे जुळले. त्याने बटण दाबले आणि यंत्र रात्रभर चालले.

सकाळी मालक पाहतो तर कानांखाली मण्यांच्या माळा लोंबताहेत. पिन घालून पाहिली, तर खुळखुळते. भोके अर्ध्या मिलिमीटरने मोठी झाली होती. डोळ्याला ते दिसत नाही, पण पिनेला कळते. आठ फूट लांब, चार फूट रुंद, सहा मिलिमीटर जाड प्लेट. वजन सुमारे १४० किलो. सगळी भंगाराच्या भावात जाणार.

मालक संतापला. पोराला म्हणाला, "झोपला होतास का रे? हे नुकसान तुझ्या पगारातून कापणार!"

पोरगा रडकुंडीला आला. "मालक, मी काहीच बदललं नाही. सहाची प्लेट होती, सहाचीच नोंद लावली."

"मग काय यंत्र खोटं बोलतं?"

यावर कोणाला काही बोलता येईना. तेवढ्यात आण्णा उठले. त्यांनी एक कान उचलला, उलटा केला आणि मण्यांवर हातोडी मारली. मणी टपाटप पडले.

"हे हळू कापलंय," आण्णा म्हणाले. "जलद कापलं असतं तर असं पडलं नसतं. गॅसनं कापताना हात रेंगाळला, की आमचंही असंच व्हायचं. वेग किती होता, तेवढं बघा."

यंत्राचे छापील पुस्तक कपाटात होते. ते काढले. सहा मिलिमीटरसमोर वेग २५०० होता. वहीत तो १६०० निघाला. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "मालक, पोराची चूक नाही. काल आठची प्लेट मीच कापली. आकडे बदलले ते मीच."

नाव सहाचे आणि आकडे आठचे. चूक एवढीच झाली होती. वाट आखताना कापाची रुंदी १.६ धरलेली. हळू गेल्यामुळे खरा काप जास्त रुंद पडला आणि भोक वाढले. मालक पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जा, चहा पिऊन ये." पगार कापला नाही.

मिस्त्रीला मी फार दोष देणार नाही. त्याने काम चांगलेच केले होते. पण ते चुकीच्या ठिकाणी लिहून ठेवले.

फेरफार

त्या दुपारी सगळे वहीचा विचार करीत बसले. कोणी म्हणाले, "वहीला कुलूपच लावू. कोणी हात लावायचा नाही." पण ते कसे चालेल? नवी प्लेट आली, तर आकडे लागणारच. मग आण्णांनीच एक गोष्ट काढली. ते म्हणाले, "आमच्या सातबाऱ्यावर भावकीचा वाद झाला होता. तलाठ्यानं जुनं नाव खोडून टाकलं नाही. कंस केला. फेरफाराचा नंबर घातला. कोण, कधी, कशावरनं, सगळं लिहिलं. मग सर्कलनं सही केली, तेव्हा ते पक्कं झालं. तुमच्या यंत्रात फेरफार नाही होय?"

यंत्रात फेरफार नव्हता. बहुतेक यंत्रांत नसतो. सेव्ह दाबले, की जुना आकडा जातो आणि त्याचा मागमूस राहत नाही. म्हणून फेरफाराची वही त्यांनी कागदाची केली. दुकानातून लांब पानांची चोपडी आणली आणि यंत्राशेजारी दोरीने बांधून ठेवली. तारीख, नंबर, जुना आकडा, नवा आकडा, का बदलला, कोणी बदलला, आणि शेवटी शेरा.

मग एकेक रीत पडत गेली. छापील पुस्तकातले आकडे म्हणजे मूळ नोंद. तिला कोणी हात लावायचा नाही. आठ मिलिमीटरची प्लेट आली, तर सहाची नोंद बदलायची नाही. नवी नोंद करायची, नवा नंबर द्यायचा. करून पाहताना आकडे हवे तसे बदलावेत, पण सेव्ह दाबू नये. काम मनासारखे झाले, तर नव्या नंबरावर लिहावे. नाही झाले, तर वहीतून जुने आकडे पुन्हा वाचून घ्यावेत. 'रीलोड' नावाचे बटण असते, ते हेच काम करते. सेव्ह दाबायचा अधिकार मालक आणि मिस्त्री या दोघांनाच. पोरगा बदल सुचवील, लिहून ठेवील, पण तो पक्का करणार दुसरा कोणी. तलाठी आणि सर्कल यांचे जसे असते, तसेच.

नाव लिहिण्याचेही ठरले. नुसते '६ एमएम' लिहिले, तर काही कळत नाही. साधे लोखंड की स्टेनलेस? किती अँपिअर? कोणते नोझल? नावात हे सगळे आले पाहिजे. गावात एकाच नावाची चार माणसे असली, की आपण बापाचे नाव आणि आडनाव लावतो. इथेही तसेच करायचे.

मापाचाही घोटाळा होतो. जुने कारागीर सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. वहीत मात्र मिलिमीटर असतात. काही पुस्तकांत इंचांचाही तक्ता असतो. मिनिटाला २५०० मिलिमीटर म्हणजे ९८ इंच. कोणी चुकून इंचांच्या तक्त्यातला ९८ उचलून मिलिमीटरच्या वहीत लिहिला, तर यंत्र गोगलगायीसारखे सरकेल. म्हणून आकडा उतरवताना तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिले आहे, ते आधी वाचावे.

जवळच्या दुसऱ्या कारखान्यातून एकाने आपली सगळी वही पेनड्राइव्हवर भरून आणली. म्हणाला, "आमचं यंत्र झकास कापतं. हीच घाला." मालकाने आभार मानले आणि ती बाजूला ठेवली. दुसऱ्याच्या चष्म्याने आपल्याला नीट दिसत नाही. त्याची टॉर्च वेगळी, नोझल वेगळे, हवेचा दाब वेगळा. त्याचे आकडे त्याच्या यंत्राचे.

नंबर कशाला असतात

लिनक्स-सीएनसी नावाची एक प्रणाली आहे. प्रणाली म्हणजे यंत्र चालवणारी कॉम्प्युटरमधली लिखित आज्ञावली. ही फुकट मिळते. निरनिराळ्या देशांतले लोक मिळून ती सुधारत असतात. तिचा उगम अमेरिकेच्या सरकारी मापन-प्रमाण संस्थेत झाला. प्लाझ्मासाठी तिच्यात क्यूटी-प्लाझ्मासी नावाचा वेगळा भाग आहे. त्यातली आकडेवही म्हणजे साध्या अक्षरांची एक फाईल. इंग्रजी अक्षरे येत असतील, तर कोणालाही ती उघडून वाचता येते. आत काही लपवलेले नाही. मला हे फार आवडते.

त्यात प्रत्येक नोंदीला नंबर असतो. कापायच्या कामाच्या हुकमातच हा नंबर घालता येतो. 'एम १९० पी ६' असे लिहिले, की यंत्र वहीतली सहा नंबरची नोंद उघडते. माणसाने निवडायची गरज उरत नाही. यात सोय आहे आणि धोकाही. समजा, कोणी वही नीटनेटकी करायची म्हणून नंबर बदलले. सहावर स्टेनलेसचे आकडे आले. जुन्या कामांच्या हुकमात मात्र अजून सहाच आहे. ते काम सहा महिन्यांनी पुन्हा निघाले, की यंत्र बिनबोभाट स्टेनलेसच्या आकड्यांनी साधे लोखंड कापू लागेल. म्हणून एकदा दिलेला नंबर दुसऱ्या प्लेटीला देऊ नये. नोंद नको असेल तरी नंबर तसाच रिकामा ठेवावा.

आणखी एक खुबी. वहीत ६५ अँपिअर लिहिले म्हणजे ६५ अँपिअर वीज आलीच, असे नाही. काही ठिकाणी कॉम्प्युटर आणि विजेची पेटी तारेने बोलतात. तिथे आकडा आपोआप लागतो. पण पुष्कळ यंत्रांवर पेटीचे बटण हातानेच फिरवावे लागते. तिथे वहीतला आकडा म्हणजे नुसती आठवण. वहीत ६५ आणि बटण ४५ वर, असे झाले तर यंत्र तक्रार करीत नाही. कापत मात्र नाही.

व्होल्टचा चकवा

आता राहिलेले व्होल्ट.

प्लेट कधी सपाट नसते. तापली की ती वाकते. मग टॉर्चने दीड मिलिमीटरची उंची कशी राखायची? यंत्र व्होल्ट मोजते. टॉर्च वर गेली, की ठिणगी लांब होते आणि व्होल्ट वाढतात. खाली आली, की कमी होतात. वहीत १२५ लिहिले असेल, तर यंत्र १२५ व्होल्ट राहतील अशी टॉर्च वर-खाली करते. अंधारात माणूस काठी टेकत चालतो ना, तसे.

पण तांब्याच्या कांडीतला तो हाफ्नियमचा तुकडा रोज थोडा थोडा झिजतो. तिथे खळगा पडतो. ठिणगी आता खळग्याच्या तळापासून निघते, म्हणजे तेवढी लांब होते. उंची तीच असली तरी व्होल्ट जास्त भरतात. यंत्राला वाटते, टॉर्च वर गेली. ते टॉर्च खाली आणते. कांडी जसजशी झिजते, तसतशी टॉर्च खाली खाली येते आणि एक दिवस प्लेटीला घासते.

या वेळी वहीतला आकडा चुकलेला नसतो. नव्या कांडीसाठी तो बरोबरच होता. पण घाईत असलेला माणूस काय करतो? १२५ चे १३० करतो. टॉर्च वर जाते, काम चालू होते. दोन दिवसांनी कांडी बदलली जाते. आता १३० वर टॉर्च फार उंच राहते आणि कापाची कड तिरपी येते. मग तो वेग बदलतो. मग वीज बदलतो. महिन्याभरात वहीतला एकही आकडा पुस्तकाशी जुळत नाही आणि कोणता का बदलला, ते कोणालाच सांगता येत नाही. कांडी बदलायची होती, बदलली वही!

काही यंत्रांत यावर तोड आहे. प्रत्येक काप सुरू होताना, टॉर्च ठरल्या उंचीवर आली, की यंत्र त्या क्षणाचे व्होल्ट मोजते आणि पुढे तेच राखते. मग झिजेचा हिशेब आपोआप धरला जातो. लिनक्स-सीएनसीत ही सोय आहे. तरी कांडी कधी ना कधी बदलावी लागतेच.

म्हणून त्या कारखान्यात एक क्रम ठरला. काम बिघडले, की आधी नोझल आणि कांडी काढून पाहायची. मग हवेचा दाब पाहायचा. मग पेटीचे बटण. मग अर्थिंगचा चिमटा प्लेटीला नीट धरला आहे का, ते पाहायचे. मग प्लेट खरोखर किती जाड आहे, ते मोजायचे. एवढे करून दोष सापडला नाही, तरच वहीकडे वळायचे. तेही एका वेळी एकच आकडा बदलायचा. दोन आकडे एकदम बदलले, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

वहीची एक नक्कल मालक दर शनिवारी पेनड्राइव्हवर घेतो आणि घरी नेऊन कपाटात ठेवतो. वीज गेली, कॉम्प्युटर जळला, तरी आकडे राहतात. सुरुवातीला तो नुसती नक्कल करून ठेवी. एकदा उघडून पाहिली, तर फाईल रिकामी! तेव्हापासून नक्कल केली की लगेच उघडून, दोन नोंदी वाचून, मगच पेनड्राइव्ह खिशात टाकतो.

आण्णांचे एक सांगायचे राहिले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हातारपणी रात्रीच्या वर्गाला जाऊन ते अक्षरे शिकले. दोरीला बांधलेल्या त्या चोपडीत ते आधी बोटाने ओळी वाचीत. पावसाळ्यात एकदा यंत्र तडतडू लागले. नोझल भराभर खराब होऊ लागली. पोरगा आकडे बदलायला निघाला. आण्णा म्हणाले, "थांब रे बाबा. बाहेर पाऊस बघ." ते कॉम्प्रेसरकडे गेले आणि टाकीखालचा कॉक उघडला. पाण्याची धार लागली. पावसाळी हवेतले पाणी टाकीत साचून टॉर्चपर्यंत चालले होते. पाणी काढले आणि नवे नोझल घातले. यंत्र पहिल्यासारखे कापू लागले.

ती चोपडी मी मागच्या खेपेला पाहिली. त्या दिवसाच्या शेऱ्यात वाकड्या, मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'हवेत पाणी. टाकी रिकामी केली. आकडे तेच.'